आर्लीनबाईंचं भांडं

सू फॉल्स सोडल्यापासून गाडीत कुठेतरी काहीतरी खडखडत होतं आणि रवींद्र घामाघूम झाला होता. अठ्ठावीस फुटी आरव्ही, भाड्याची, आयुष्यात पहिल्यांदाच हातात आलेली. त्यात साउथ डकोटाचा वारा. डावीकडून एक झपाटा आला की अख्खं घर उजवीकडे सरकायचं, आणि घर सरकायचं म्हणजे त्यातला फ्रिज, शेगडी, संडास, बायको, मुलगी आणि सासू असं सगळंच सरकायचं. खडखड इंजिनात आहे की चाकात, याचा विचार करता करता त्याने तासाभरात शंकरपाळ्यांची अर्धी पिशवी संपवली होती. काळजी वाटली की त्याला भूक लागत असे.

"चाक नाही, ओव्हन वाजून राहिला तो," मागच्या बाकावरून अहिल्याबाई म्हणाल्या आणि पट्टा सोडून उठल्या.

"आई, खाली बस. चालत्या गाडीत उठायचं नसतं," रेणू ओरडली.

"दोन पावलांवर तर आहे बाप्पा." अहिल्याबाईंनी ओव्हन उघडला आणि आतून एक चौकोनी काचेचं भांडं काढलं. खडखड थांबली. रवींद्रने सुटकेचा निःश्वास टाकला. हा आनंद जेमतेम अर्धा मैल टिकला.

"रेणू, हे तर त्या आर्लीनबाईचं भांडं," अहिल्याबाई म्हणाल्या. आवाज असा, जणू एखाद्याला खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडावं.

आर्लीनबाई म्हणजे आदल्या रात्रीच्या कॅम्पग्राउंडवरची शेजारीण. साठी ओलांडलेली, गुलाबी गालांची बाई. शेजारच्या आरव्हीतून आली आणि रुबार्ब नावाच्या लालसर देठांच्या वड्यांनी भरलेलं हे भांडं हातात ठेवून गेली. वड्या अंबाडीसारख्या आंबट आणि वरून गोड होत्या, सगळ्यांना आवडल्या. भांडं लगेच रिकामं होईना, म्हणून तोवर अहिल्याबाईंनी आपल्या स्टीलच्या डब्यातून तिला चिवडा पाठवला. सकाळी भांडं धुऊन, भरून परत द्यायचं, हे त्यांनी झोपताना दोनदा सांगितलं होतं. रेणूने धुतलं, ओट्यावर जागा नव्हती म्हणून ओव्हनमध्ये ठेवलं. आणि पहाटे, कुणी जागं व्हायच्या आत, रवींद्रने गाडी काढली.

पहाटे का काढली, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

रवींद्र खानझोडेला गाडी मागे घेता येत नव्हती. आरव्हीच नव्हे, कुठलीच. सतरा वर्षं अमेरिकेत राहून तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये अशीच जागा हेरत असे, जिथे एकीकडून शिरून दुसरीकडून निघता येईल. पुण्यात गाडी शिकला तेव्हा सोसायटीचा वॉचमन मागे उभा राहून सगळं सांभाळायचा. इथे वॉचमन नव्हता. आरव्ही आणायला एकटाच गेला, तेव्हा भाड्याने देणाऱ्या माणसाने "एकदा रिव्हर्स घेऊन दाखवा" म्हटलं. रवींद्रने दाखवली. प्लॅस्टिकचे तीन नारिंगी शंकू आडवे झाले आणि गाडी ऑफिसच्या खिडकीपासून वीतभर अंतरावर थांबली. त्या माणसाने आधी शंकू उभे केले. मग म्हणाला, "सर, तुम्ही शक्यतो पुढेच जा."

हा उपदेश रवींद्रने शिरोधार्य मानला. सहा दिवसांची सहल त्याने अशी आखली, की गाडी फक्त पुढे जाईल. समोरून शिरून पाठीमागून बाहेर पडता येईल अशाच कॅम्पच्या जागा, पेट्रोल पंपही उपग्रहाच्या नकाशात नीट पाहून निवडलेले, आणि समोर कुणी गाडी आडवी लावायच्या आत पहाटेच निघायचं. रेणूला त्याने सांगितलं होतं, की अशा जागांवरून व्ह्यू चांगला मिळतो.

आता एवढं लपवायचं कारण काय, असं कुणीही विचारेल. कारण मागच्या बाकावर बसलेलं होतं. अहिल्याबाईंचे यजमान, कैलासवासी विष्णुपंत, हे अख्ख्या नागपुरात ड्रायव्हिंगसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी ॲम्बॅसडर काशीला नेली होती, रामेश्वरला नेली होती, आणि चिखलदऱ्याचा घाट धुक्यात एका हाताने उतरवली होती. रेणू या गोष्टी ऐकत वाढली आणि लग्नानंतर रवींद्रही ऐकत वाढला. "बाबा असते तर" हे तीन शब्द त्याने घरात जितक्या वेळा ऐकले, तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. विष्णुपंतांच्या बायकोला घेऊन तो पहिल्यांदाच लांब निघाला होता. या बाईसमोर आपलं पितळ उघडं पडू नये, एवढंच त्याचं या सहलीतलं मागणं होतं. डोंगर, गवे, सूर्यास्त हे सगळं इतरांसाठी होतं.

"रॅपिड सिटीहून पोस्टाने पाठवू," तो म्हणाला.

"काचेचं भांडं पोस्टाने?" अहिल्याबाई म्हणाल्या. "आणि रिकामं?"

"नवीन घेऊन पाठवू. ऑनलाइन."

 अहिल्याबाईंनी त्यावर ब्याऐंशी सालची गोष्ट काढली. शेजारच्या घाटोळेबाईंची भंडाऱ्याला बदली झाली आणि त्यांचा पितळी डबा इकडेच राहिला. तेव्हा अहिल्याबाई तान्ह्या रेणूला कडेवर घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेल्या होत्या, डब्यात अनारसे भरून. "लोकांचं भांडं घरात ठेवायचं नाही आणि रिकामं परत द्यायचं नाही. माझ्या सासूबाईंनी एवढं एकच शिकवलं मला, बाकी सगळं मी शिकले."

रेणूने भांडं उलटं केलं. तळाला चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहिलेलं होतं: आर्लीन टोलेफसन. फोन नंबर नव्हता.

"बघ, नाव पण घातलंय भांड्यावर. आपल्यासारखंच," अहिल्याबाई हळहळल्या. त्यांच्या प्रत्येक भांड्यावर 'सौ. अहिल्या वि. पांढरीपांडे' असं कोरलेलं होतं.

"नंबर नाही, पत्ता नाही, मग आता काय करणार," रवींद्र शक्य तितक्या दुःखाने म्हणाला.

तेवढ्यात त्याची लेक रुचा हिने कानातला इअरफोन काढला. वय पंधरा, आणि सहल सुरू झाल्यापासून ती साधारण चार वाक्यं बोलली होती. "आय नो व्हेअर शी इज," ती म्हणाली. "ब्रदरच्या फार्मवर जातायत ते. शी टोल्ड मी. पुढे एक ग्रेन एलेव्हेटर लागतो, तिथे एक्झिट घ्यायचा, मग नॉर्थ. ड्राइव्ह टिल द रोड एन्ड्स."

रस्ता संपेपर्यंत. रवींद्रने वेग कमी केला. जो रस्ता संपतो, त्यावरून परत कसं येतात हे त्याला नीट ठाऊक होतं.

"आपल्याला उशीर होईल," त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"कशाला उशीर होईल?" रेणू म्हणाली. "बॅडलँड्सचे डोंगर काही उठून जात नाहीत कुठे. एवढंसं तर वळायचंय. बाबा असते तर—"

"वळतो," रवींद्र म्हणाला.

पण भांडं भरायचं कशाने, हा प्रश्न उरला. चिवडा आर्लीनबाईकडेच गेला होता. अहिल्याबाईंनी शंकरपाळ्यांची पिशवी उचलून पाहिली. तळाशी नुसता चुरा होता. त्यांनी जावयाच्या पाठीकडे पाहिलं. "रेस्ट एरिया दिसला की थांबवा," त्या म्हणाल्या. "शिरा करते."

रेस्ट एरियात ट्रकवाले कॉफी पीत उभे होते. बाहेर वारा झाडं वाकवत होता आणि आत अहिल्याबाई मंद आचेवर रवा भाजत होत्या. गाडीभर तुपाचा वास सुटला. रवींद्र तेवढ्या वेळात फोनवर त्या रस्त्याचा नकाशा उघडायचा प्रयत्न करत होता. सिग्नलची एक रेघ यायची आणि जायची. नकाशात निम्मा रस्ता आला आणि निम्मा राखाडी राहिला. जो आला तो सुतासारखा सरळ आणि सुताएवढाच रुंद होता.

"आई, साधा नुसता साखर-रवा घातला तरी चाललं असतं," तो आत डोकावून म्हणाला.

"काजू सापडून नाही राहिले," अहिल्याबाई म्हणाल्या. "ते पण तुम्हीच खाल्ले का?"

त्यानेच खाल्ले होते.

धान्याची ती उंच कोठी दिसली, एक्झिट आला, आणि रवींद्रने गाडी उत्तरेला वळवली. दोन मैल डांबरी होता, मग खडीचा सुरू झाला. एका अंगाला मका, दुसऱ्या अंगाला सूर्यफुलं, दोन्हीकडे कमरेएवढा चर आणि चरात परवाच्या पावसाचं पाणी. रस्ता एका आरव्हीपुरता होता. दुसरी आली असती तर दोघांपैकी एकीला सूर्यफुलांत जावं लागलं असतं. रवींद्र दर शंभर फुटांवर गाडी वळवण्याजोगी जागा शोधत होता. एके ठिकाणी शेतात ट्रॅक्टर उतरवायला चरावर मातीचा भराव टाकलेला दिसला. तो त्याने डोक्यात टिपून ठेवला. त्यानंतर दुसरा दिसला नाही.

"किती छान वाटतंय ना," रेणू म्हणाली. "माणूस नाही काणूस नाही."

"हो," रवींद्र म्हणाला. त्याच्या पाठीला शर्ट चिकटला होता. शेताला अंगण असेल, अंगण असेल तर गोल फिरता येईल, शेतकरी स्वतः ट्रक वळवतच असतील की, असं तो स्वतःला समजावत होता. माणसाची पाचावर धारण बसली की तो असाच हिशोबी आशावादी होतो.

आणि समोर, मक्याच्या टोकावरून, धुळीचा एक लोट निघाला.

लोटातून एक आरव्ही बाहेर आली. मोठी, पांढरी, रवींद्रच्या गाडीहून चार फूट लांब. ती सरळ येत राहिली आणि दोन गाड्या नाकासमोर नाक करून थांबल्या. समोरच्या काचेमागे टोपी घातलेला एक आडदांड म्हातारा होता आणि त्याच्या शेजारी गुलाबी गाल. गालांच्या मालकिणीने दोन्ही हात वर केले. एका हातात स्टीलचा डबा उन्हात चमकला.

"अगं बाई," अहिल्याबाई म्हणाल्या, "ती आपला डबा द्यायला निघाली होती."

तसंच झालं होतं. रेणू आणि रुचा शिऱ्याचं भांडं घेऊन खाली उतरल्या, अहिल्याबाई खडीवर चपलांनी नको म्हणून गाडीतच थांबल्या, आणि रस्त्याच्या मधोमध भेटीगाठी झाल्या. आर्लीनबाई भावाच्या दारापर्यंत पोचली होती, तेवढ्यात तिला ओट्यावर डबा दिसला. तिने नवऱ्याला इंजिनसुद्धा बंद करू दिलं नव्हतं; हे लोक बॅडलँड्सला निघालेत, हे रुचाने तिला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. डबा तिने भावजयीच्या घरच्या जॅमच्या बिस्किटांनी भरून घेतला होता. रिकामा डबा परत केला असता तर माझी आई थडग्यातून उठून आली असती, असं ती रेणूला सांगत होती. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण अहिल्याबाईंना तिच्या हातवाऱ्यांवरून सगळं कळलं. "घरचं वळण चांगलं आहे हो तिच्या," त्या म्हणाल्या.

रवींद्रचं लक्ष त्यात नव्हतं. तो समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहत होता. म्हाताऱ्याने त्याला हात केला. रवींद्रनेही हात केला. म्हाताऱ्याने आता हाताने मागे मागे अशी खूण केली. रवींद्रने न कळल्यासारखं पुन्हा हात केला.

रुचा धावत खिडकीशी आली. "बाबा, त्यांना नाही जमणार बॅक अप. त्यांनी मागे कार जोडलीये, रिव्हर्स घेतली तर ती कशीही वळते. यू हॅव टू डू इट. मागे ती मातीची जागा होती ना, तिथे घाल, ते पास होतील."

"तू हो पुढे," रवींद्र म्हणाला. "मी... घेतो."

ती गेली. रवींद्रने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मागचा कॅमेरा लावला तर त्यावर चिखलाचा तपकिरी पडदा होता. आरशात रस्ता दिसत होता, दोन्हीकडे चर दिसत होता, आणि ती भरावाची जागा जवळजवळ फर्लांगभर मागे होती. बाहेर बायको, मुलगी आणि दोन परकी माणसं त्याच्याकडे पाहत होती. सतरा वर्षं झाकलेली मूठ आता या मक्याच्या शेतात उघडणार होती.  खायलाही काही उरलं नव्हतं.

गाडीत तो आणि सासू, दोघंच होते.

"आई," तो समोर बघतच म्हणाला, "मला रिव्हर्स घेता येत नाही."

"माहीत आहे मला," अहिल्याबाई म्हणाल्या.

रवींद्रने मान वळवली.

"काल त्या कॅम्पात समोर मोकळी जागा सोडून तुम्ही तीन चकरा मारल्या ना, तेव्हाच कळलं. यांनी अशाच मारल्या असत्या."

"कुणी?"

"ह्यांनी हो. रेणूच्या बाबांनी." अहिल्याबाईंनी चष्मा पदराने पुसला. "चौतीस वर्षं ॲम्बॅसडर चालवली. मागे एकदाही घेता आली नाही त्यांना. पहिल्याच आठवड्यात आमच्याच फाटकाचा खांब पाडला, मग हायच खाल्ली त्यांनी."

"पण काशी..."

"काशी समोरच आहे नागपूरच्या. तिथं काय मागे घ्यायचंय?"

"चिखलदऱ्याचा घाट?"

"तो खरा. एक हात मी घट्ट धरून ठेवला होता, म्हणून एका हाताने." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अडचण आली की मी उतरून मागे उभी राहायची. पोरांना सांगायची, मला पाय मोकळे करायचे आहेत. लोकं म्हणायचे, पांढरीपांडे गाडी काय मागे घेतात. मी म्हणायची, हो बाप्पा."

"रेणूला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. आणि व्हायलाही नको." त्यांनी पदर कमरेला खोचला, चपला काढून ठेवल्या आणि बुटांच्या नाड्या बांधल्या. "मी तुमच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याला चालते. आरशात माझं तोंड दिसलं की या. नाही दिसलं की थांबा. गाडीवर एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे बस. कॅमेऱ्याकडे पाहू नका, त्याला काही समजत नाही."

दार उघडलं. वाऱ्याने त्यांचा पदर उडवला, त्यांनी पुन्हा खोचला. समोरच्यांना त्यांनी हाताने खूण केली: पाय मोकळे करते.

रवींद्रने गिअर टाकला. गाडी टीं टीं करू लागली. आरशात एक लहानशी, चष्मा लावलेली, सुती पातळातली बाई उलट्या पावलांनी चालत होती.

थाप. "येऊ द्या."

गाडी हलली. रवींद्रने श्वास रोखला.

थाप. "येऊ द्या, येऊ द्या. जरा माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे माझ्याकडे, मक्याकडे नाही. हां. येऊ द्या."

शेपटी चराकडे सरकली. दोन थापा. तो थांबला. पुढे घेतली, सरळ केली. थाप. पुन्हा निघाली. पन्नास फूट झाले, शंभर झाले. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की त्याला रस्ता पाहायची गरजच नाही. त्याने फक्त त्या तोंडाकडे पाहायचं होतं. ते तोंड जराही घाबरलेलं नव्हतं. पुण्यातल्या त्या वॉचमननंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या मागे उभं होतं आणि येऊ द्या म्हणत होतं. त्याचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

भरावाशी आल्यावर अहिल्याबाईंनी हात पूर्ण फिरवून दाखवला. रवींद्रने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. अठ्ठावीस फुटांची गाडी वळली, मागची चाकं मातीवर चढली, सूर्यफुलांची दोन रोपं फक्त जराशी वाकली. दोन थापा.

"बस."

समोरची पांढरी आरव्ही मागची लाल गाडी ओढत सावकाश पुढे निघून गेली; हायवेजवळून वळून ती परत शेतावर येणार होती. जाताना म्हाताऱ्याने टोपी काढली. आर्लीनबाईने खिडकीतून काचेचं भांडं उंचावून दाखवलं. तिच्या तोंडात शिरा होता.

रेणू आणि रुचा रस्त्याने चालत आल्या. "बाबा, दॅट वॉज ॲक्च्युअली कूल," रुचा म्हणाली आणि इअरफोन पुन्हा कानात घातला. हे तिचं दिवसभरातलं सगळ्यात लांब कौतुक होतं.

अहिल्याबाई वर चढल्या, धापा टाकत. "पाय मोकळे झाले जरा," त्या बाकावर टेकत म्हणाल्या.

रवींद्रने गाडी रस्त्यावर काढली. पुढे फक्त पुढेच जायचं होतं. रेणू त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली, तिने पट्टा लावला आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"सांगू का, रवी," ती म्हणाली, "अगदी बाबांसारखी घेतलीस रिव्हर्स."

रवींद्रने आरशात पाहिलं. अहिल्याबाई खिडकीबाहेर सूर्यफुलं पाहत होत्या.

"अगदी यांच्यासारखी," त्या म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा वाटेत खडखडू नये म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला.